बायपास असून नसल्यासारखा

भिवंडी तालुक्यातल्या माणसाला रस्ता विचारला तर तो लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, "निघणार किती वाजता?" मग, "गाडी कुठली?" मग, "भरलेली की रिकामी?" हे सगळं ऐकून घेतो, एकदा आभाळाकडे बघतो आणि सांगतो, "आज जाऊच नका." हा सल्ला सहसा बरोबर निघतो.

आमचं दिघाशी तसं साधं गाव. पण अंबाडी नाक्याच्या बाजूला असल्यामुळे इथल्या शेंबड्या पोरालाही वाहतुकीचं ज्ञान घरबसल्या मिळतं. नाक्यावरून एक रस्ता भिवंडीला, एक वाड्याला, एक वज्रेश्वरीवरून शिरसाडला, म्हणजे अहमदाबाद हायवेला. न्हावाशेवाला माल न्यायचा तर आधी भिवंडी, मग मानकोली, खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा. हा मुंब्रा बायपास 2018 साली दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता. बायपास म्हणजे काय चीज असते, हे तेव्हा अख्ख्या ठाणे जिल्ह्याला एकदम कळलं. त्याआधी लोक त्याला शिव्या देत होते. बंद झाल्यावर त्याच्या आठवणीनं गहिवरू लागले.

तर अशा या तालुक्यात, जिथे चहावालासुद्धा कुठल्या कंटेनरनं कुठून वळावं हे पातेल्यावरची नजर न हलवता सांगतो, तिथे रोज रात्री शेकडो गाळ्यांमधून एक भरलेली गाडी चुकीच्या रस्त्यानं निघते आणि कोणालाही दिसत नाही. ती गाडी म्हणजे बॅकअप.

गाळे इथे का आले, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. मुंबईत जकात होती आणि भिवंडीची खेडी तिच्या हद्दीबाहेर होती. माल इथे उतरवायचा, लागेल तसा मुंबईत न्यायचा. जमीन स्वस्त, ग्रामपंचायत समजूतदार. मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, आणि काही जाणकारांनी सांगितलं की आता भिवंडीची गोडाऊनं ओस पडणार. त्यानंतर भिवंडीत आणखी मोठी गोडाऊनं झाली. जाणकार अजून जाणकारच आहेत.

पूर्वी गाळ्यात एक मुनीम, एक वही आणि एक कुत्रा एवढ्यावर भागत असे. आता बारकोड आला, हातातल्या स्कॅनरच्या बंदुका आल्या, आणि त्या सगळ्यांचा बाप म्हणून केबिनमध्ये, पाण्याच्या जारशेजारी, एक सर्व्हर येऊन बसला. कुत्रा आहे तसाच आहे.

आमचा भाचा अशाच एका गाळ्यात आयटी बघतो. 'आयटी बघतो' या दोन शब्दांत प्रिंटरमधला अडकलेला कागद काढणं, शेठच्या नातवाच्या मोबाइलचा पासवर्ड शोधणं आणि एसी चालत नसेल तर रिमोटचे सेल बदलणं हे सगळं येतं. उरलेल्या वेळात तो सर्व्हर सांभाळतो. आणि सर्व्हर सांभाळणं म्हणजे मुख्यत्वे बॅकअप घेणं. उद्या मशीन मेलं, व्हायरस आला, जारमधलं पाणी सांडलं, तर कालपर्यंतचा हिशेब दुसरीकडे शाबूत असला पाहिजे.

कॉम्प्युटरच्या पुस्तकांतून सांगतात की बॅकअप रात्री घ्यावा, कारण रात्री कामकाज थंड असतं. हे लिहिणाऱ्यांनी भिवंडी बघितलेली नसावी. अवजड गाड्यांना दिवसा ठाण्याच्या बाजूनं ठरावीक वेळीच सोडतात. त्यामुळे आमच्याकडे खरी सकाळ रात्री दहानंतर होते. डॉकला गाड्या लागतात, माथाडी कामगार कपाळाला रुमाल बांधतात, ड्रायव्हर स्टोव्हवर डाळ चढवतात. अकरा वाजता काम ऐन रंगात येतं. आणि बरोबर अकरा वाजता, पुस्तकात सांगितलंय म्हणून, बॅकअप सुरू होतो.

मग बंदूक खोक्यावर धरली की 'टूक' असा आवाज येत नाही. माथाडी पुन्हा धरतो. खोकं उलटं करून धरतो. बंदूक झटकतो. शेवटी बंदूक कानाला लावून बघतो. पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र. बिल निघत नाही, बिल नाही म्हणून ई-वे बिल नाही, ई-वे बिल नाही म्हणून गाडी हलत नाही, गाडी हलत नाही म्हणून ट्रान्सपोर्टवाला हॉल्टिंग मागतो. आणि ई-वे बिलाची मुदत अंतरावर ठरते, दर 200 किलोमीटरला एक दिवस. त्यामुळे घाई करून आधीच बिल काढून ठेवावं, तर गाडी डॉकला उभी असतानाच मुदत धावायला लागते. गाडी थांबलेली, मुदत पळतेय.

अशाच एका रात्री शेठनी भाच्याला फोन केला. शेठ फोनवर कधीच 'हॅलो' म्हणत नाहीत.

"तुझा तो बॅकअप खातो काय रे?"

भाचा म्हणाला, "शेठ, रस्ता एकच आहे. स्कॅनरही त्याच वायरवरून, बॅकअपही त्याच वायरवरून."

हा हिशेब सरळ आहे. एक गिगाबिटची वायर सेकंदाला कागदावर 125 मेगाबाइट वाहते, प्रत्यक्षात 110 च्या आसपास. एक टेराबाइटचा बॅकअप म्हणजे सुमारे अडीच तास रस्ता भरलेला. मध्ये कुठे जुना, 100 मेगाबिटचा स्विच लावलेला असेल, तर तोच बॅकअप 22 तासांच्या वर जातो. म्हणजे कालचा बॅकअप संपेपर्यंत आजचा दारात उभा. असा जुना स्विच प्रत्येक गाळ्यात एक तरी असतोच. तो कपाटामागे असतो, त्यावर कबुतरानं काड्या आणून ठेवलेल्या असतात, आणि तो कोणी लावला हे कोणालाच सांगता येत नाही.

"मग दुसरा रस्ता बांध," शेठ म्हणाले.

इथे भाच्यानं एक गोष्ट सांगितली, ती शेठना फार आवडली. सर्व्हर जेव्हा विकत येतो तेव्हा त्याच्या पाठीमागे वायर खोचायची भोकं बहुधा दोन तरी असतात, कधी चार. आपण एकात वायर खोचतो आणि बाकीच्यांवर धूळ बसू देतो. म्हणजे बायपास पहिल्या दिवसापासून बांधून तयार होता, फक्त उद्घाटन राहिलं होतं.

"म्हणजे फुकट?" शेठ म्हणाले.

पूर्ण फुकट नव्हतं. एक चांगला स्विच आणि पिवळी वायर लागली. जुनी वायर निळी, तिच्यावर ऑफिस, स्कॅनर, प्रिंटर; पत्ते 192.168.1 नं सुरू होणारे. नवी पिवळी, फक्त सर्व्हर आणि बॅकअप साठवायचा डबा, पत्ते 10.10.10 नं सुरू होणारे. हे दोन्ही प्रकारचे पत्ते खासगी. 1996 साली इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी असे काही आकडे घरगुती वापरासाठी सोडून दिले. त्यामुळे 192.168.1.1 हा पत्ता दिघाशीतही आहे, दादरलाही आहे आणि डेन्मार्कलाही आहे, आणि तिघांचंही एकमेकांवाचून काही अडत नाही.

रात्री अकराला उद्घाटन झालं. शेठ जातीनं हजर. सर्व्हरच्या मागे टॉर्च मारून सगळे ओणवे झाले. निळ्या वायरीचा दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकत होता. पिवळ्याचा दिवा मिनिटाला एकदा डोळा उघडायचा आणि परत मिटायचा. डॉकवरून आवाज आला, "अरे बंदूक पुन्हा मेली!"

आता, इथे यंत्राची बाजू घेतली पाहिजे, कारण दुसरं कोणी घेत नाही. लोकांना वाटतं की दोन रस्ते केले की गाड्या आपोआप वाटून जातील. अहो, माणसं वाटून जात नाहीत. रिकाम्या रस्त्याची पाटी दिसत असताना आपण पुढच्या गाडीच्या मागे लागतो, कारण ती एवढी लोकं काय वेडी आहेत का. यंत्र एवढाही विचार करत नाही. त्याला फक्त एक गोष्ट कळते: कुठल्या पत्त्यावर जायचं आहे. हा पत्ता घेऊन ते आपल्याजवळचा मार्गांचा तक्ता उघडतं आणि त्यात सगळ्यात नेमकी नोंद शोधतं. 'बाकी सगळं जग' अशी एक नोंद आणि '10.10.10 वाली आळी' अशी दुसरी असेल, तर आळीवाली जिंकते. दोन नोंदी सारख्याच नेमक्या असतील, तर जिचा 'मेट्रिक' नावाचा आकडा लहान, ती. विंडोज हा आकडा स्वतःच ठरवतं आणि वेगवान कार्डाला लहान आकडा देतं. या सगळ्यात 'हा बॅकअप आहे, याला मागच्या बाजूनं ने' असं कुठेही लिहिलेलं नसतं. रस्त्याला माल ओळखता येत नाही. चिठ्ठीवर जो पत्ता, तिकडे गाडी.

आणि चिठ्ठीवर पत्ता कुठला होता? बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये भाच्याच्या आधीच्या माणसानं बॅकअपच्या डब्याचं नुसतं नाव लिहून ठेवलं होतं. नावावरून पत्ता सांगायचं काम डीएनएस करतं, आणि डीएनएसला त्या डब्याचा एकच पत्ता ठाऊक होता, निळा. डब्यालाही दोन वायरी लावलेल्या होत्या, पण त्याची पिवळी बाजू कोणी कुणाला कळवलीच नव्हती. सर्व्हरनं नाव विचारलं, निळा पत्ता मिळाला, निळ्या रस्त्यानं निघाला. यात त्याचं काय चुकलं? शंभर कोटींचा बायपास बांधायचा आणि सगळ्या पाट्यांवर बाण गावातूनच दाखवायचा, असं हे काम.

भाच्याला हे दुसऱ्या दिवशी उमगलं असतं. पण तोवर वेंडरचा माणूस येऊन गेला होता.

वेंडरचा माणूस ही व्यक्ती मोटरसायकलवरून येते, हेल्मेट न काढता कीबोर्डावर बसते, आणि जे काही बिघडलेलं असेल त्यात आणखी एक गेटवे टाकून जाते. गेटवे म्हणजे गावाबाहेर पडायची वेस. ज्या पत्त्याबद्दल तक्त्यात काहीच नोंद नाही, ते सगळं तिकडे ढकलायचं. साहजिकच अशी वेस एकच असावी. पिवळ्या कार्डावर दुसरा गेटवे टाकताना विंडोजनं बिचाऱ्यानं एक चौकट समोर आणली आणि सांगितलं की हे चालणार नाही, दोन वेगळ्या नेटवर्कांना दोन गेटवे देऊ नका, पुन्हा विचार करा. त्या चौकटीखाली 'हो' आणि 'नाही' अशी बटणं असतात. 'हो' दाबलं की चौकट जाते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.

पुढचे काही दिवस गाळ्यात भूतबाधा झाली. मुंबईच्या हेड ऑफिसला जोडणारी लाइन सकाळी चालायची, दुपारी चालायची नाही, चहानंतर पुन्हा चालायची. बाहेर जाणारं पत्र कधी निळ्या वेशीवर जाई, कधी पिवळ्या. आणि पिवळ्या वेशीबाहेर काहीच नव्हतं, स्विच आणि भिंत. मॅनेजरांनी सर्व्हरला लिंबूमिरची बांधली. नंतर भाच्यानं दुसरा गेटवे काढला आणि सगळं सुरळीत झालं. श्रेय लिंबाला गेलं.

मधल्या काळात आणखी एक विद्वान येऊन गेला. तो म्हणाला, "दोन वायरी वेगळ्या कशाला ठेवता, जोडून टाका. दोन गिगाबिट होईल." दोन कार्डं जोडून एक करायची सोय खरंच आहे. 802.3एडी नावाचं तिचं मानक 2000 सालचं आहे. पण ती जोडणी एका संवादाला एकाच वायरीवर ठेवते, नाहीतर पाकिटं मागेपुढे पोचतील. दहा जण दहा कामं करत असतील तर ते दोन वायरींवर विभागले जातात. एकच मोठा बॅकअप एकाच डब्याकडे चालला असेल, तर तो एकाच वायरीवर राहतो. चौपदरी रस्ता झाला म्हणून एक कंटेनर चारही पदरांतून जात नाही. (भिवंडी-वाडा रस्त्यावर जातो. पण ते खड्डे चुकवण्यासाठी.)

शेवटी भाच्यानं केलं ते अगदीच कंटाळवाणं होतं. म्हणूनच ते बरोबर असावं. पिवळ्या कार्डावर गेटवे नाही. डीएनएसमध्ये हे कार्ड आपलं नाव नोंदवणार नाही, त्यासाठी एक खूण काढून टाकली, नाहीतर स्कॅनरांना उलट पिवळा पत्ता मिळाला असता आणि ते भिंतीवर आपटत राहिले असते. सर्व्हरच्या 'होस्ट्स' नावाच्या फायलीत एक ओळ: बॅकअपचा डबा म्हणजे 10.10.10.20. आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आधी कुठलं नेटवर्क वापरू' असा रकाना होता, तो इतकी वर्षं रिकामा होता, तो भरला. बहुतेक चांगल्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये असा रकाना असतो. तो तिसऱ्या पडद्यावर असतो आणि वेंडरचा माणूस दुसऱ्यावरच 'फिनिश' दाबतो.

रात्री अकराला पिवळा दिवा पिसाळला. निळा शांत. डॉकवर टूक, टूक, टूक. शेठनी सगळ्यांना कटिंग पाजला. हा आनंद पाऊस पडेपर्यंत टिकला.

त्याचं असं झालं, की बॅकअपची आणखी एक प्रत रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या गाळ्यात ठेवायचं ठरलं होतं, एकाच छपराखाली सगळं नको म्हणून. हा विचार फार चांगला. पण तिकडचे पत्ते निराळे, 10.20.20 चे. सर्व्हरच्या तक्त्यात ती आळी नाही, म्हणून तो तिकडचा माल मोठ्या वेशीवर, म्हणजे पुन्हा निळ्या रस्त्यानंच पाठवू लागला. मग भाच्यानं काळ्या खिडकीत हातानं एक नोंद टाईप केली: 10.20.20 कडे जायचं असेल तर 10.10.10.1 वरून, म्हणजे पिवळ्या बाजूनं जा. चाललं.

जूनमध्ये पहिला पाऊस आला. पहिल्या पावसाचे दोन थेंब आणि आमच्याकडची वीज यांचं जुनं वैर आहे. लाइट गेली, यूपीएसनं जेवढं इमान राखायचं तेवढं राखलं, सर्व्हर झोपला आणि पहाटे पुन्हा उठला. उठल्यावर त्याला ती हातानं टाकलेली नोंद आठवेना. कारण विंडोजमध्ये 'रूट ॲड' म्हणताना शेवटी 'वजा पी' लावला नाही, तर ती नोंद पुढच्या झोपेपर्यंतच टिकते. पी म्हणजे कायमची. एका अक्षरासाठी बॅकअपची गाडी पुन्हा गावातून. आणि तीही रात्रभर, कोणाला पत्ता नाही, कारण बॅकअप 'यशस्वी' झाल्याचा ईमेल येतच होता. तो ईमेल पोचल्याचं सांगतो, कुठून पोचलो ते सांगत नाही.

पी लावला. मग भाच्यानं शहाणपणानं सर्व्हरच्या मागे जाऊन पुन्हा एकदा वायरी तपासल्या, तेव्हा आणखी एक शोध लागला. निळा स्विच आणि पिवळा स्विच हे दोघेही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेले होते. त्याच बोर्डात पाणी थंड करायचं मशीन होतं.

यावर हसू नये. आमच्या तालुक्यानं याहून मोठी उदाहरणं पाहिली आहेत. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या. चौकशीत नाव आलं आमच्याच भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याचं. कळवा ते पडघा या 400 केव्हीच्या वाहिनीचे दोन मार्ग. एकाची देखभाल चालू होती म्हणून सगळा भार दुसऱ्यावर टाकलेला, आणि नेमका तोच बसला. मुंबईकरांनी त्या दिवशी पडघा हे नाव पहिल्यांदा ऐकलं आणि आम्हाला फोन करून विचारलं, "हे तुमच्याकडेच ना?" गावाचं नाव देशभर गाजलं, पण आमच्याकडे कुणी त्याचा फ्लेक्स लावला नाही.

शेठना हे सगळं ऐकून वेगळीच कल्पना सुचली. "असं कर, डिस्क काढ आणि पोऱ्याला ॲक्टिव्हावरून पाठव. रस्ता बिस्ता भानगडच नको."

भाचा हसला. मी हसलो नाही, कारण शेठ ज्या कंपनीच्या बोटीतून माल मागवतात, ती याच मार्गानं वाचली आहे. 27 जून 2017 ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे कॉम्प्युटर एकामागून एक काळे पडले. न्हावाशेवाचं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. कंटेनरांच्या रांगा लागल्या, म्हणजे आमच्या गाळ्यांचीसुद्धा वाट लागली. मर्स्ककडे डोमेन कंट्रोलर नावाचे सुमारे दीडशे सर्व्हर होते. कंपनीत कोणाला काय उघडता येईल, याची यादी त्यांच्याकडे असते. हे सगळे एकमेकांशी सतत जुळवून घेत असल्यामुळे एक गेला की दुसरा वाचवेल अशी योजना होती. व्हायरसनं सगळेच एकदम नेले. दीडशे बायपास, आणि सगळे एकाच वेळी बंद.

एक वाचला. आफ्रिकेत घाना देशातला. का वाचला? तर व्हायरस यायच्या आधी तिथली लाइट गेली होती आणि तो नेटवर्कवरून तुटला होता! महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातल्या माणसानं हे वाक्य दोनदा वाचावं आणि आपल्या वायरमनला फोन करून आभार मानावेत. आता त्या सर्व्हरवरचा काहीशे गिगाबाइट माल इंग्लंडला पाठवायचा, तर घानाची लाइन इतकी बारीक की कित्येक दिवस लागले असते. मग डिस्क घेऊन माणूस पाठवायचं ठरलं. तर तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. म्हणून एक जण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो दुसरा विमानानं लंडनला. अब्जावधींचा धंदा, आणि बॅकअपचा मार्ग: घाना, नायजेरिया, लंडन, पिशवीतून.

आणि ॲमेझॉननं तर 2016 साली सरळ ट्रकच आणला होता. 'स्नोमोबाइल' नावाचा, 45 फुटी कंटेनर, पोटात 100 पेटाबाइट माहिती मावायची. लाइनवरून पाठवायला वर्षानुवर्षं लागतील एवढी माहिती त्यात भरायची आणि रस्त्यानं न्यायची. 2024 मध्ये तो त्यांनी बंद केला. मला तो भिवंडीत बघायची फार इच्छा होती. जगातली सगळ्यात वेगवान माहिती मानकोलीच्या सिग्नलला तीन तास उभी, मागून एक बस हॉर्न मारतेय, आणि ड्रायव्हर खाली उतरून शेंगदाणे घेतोय.

हे ऐकल्यावर ॲक्टिव्हाची कल्पना शेठनीच मागे घेतली. पोऱ्याला हेल्मेट घ्यावं लागलं असतं.

त्यानंतर गणपतीपर्यंत सगळं चोख चाललं. पिवळी वायर रात्री अकराला जागी व्हायची, दोन वाजता झोपायची. आणि दिवसभर तिचा दिवा निवांत.

तो निवांत दिवा कोणाच्या तरी नजरेस पडलाच. आमच्या तालुक्यात रस्ता मोकळा दिसला की तिथे आधी एक हातगाडी लागते, मग तिला ताडपत्री येते, मग टपरीला मीटर येतो. सणाआधी गाळ्यात चोरी नको म्हणून शेठनी सीसीटीव्हीवाल्याला बोलावलं. तो आला, सोळा कॅमेरे लावून गेला, आणि रेकॉर्डरची वायर कुठे खोचू म्हणून शोधताना त्याला एक नवाकोरा, चकाचक, एकही दिवा न लुकलुकणारा पिवळा स्विच दिसला.

अनंत चतुर्दशीच्या आधी दोन रात्री बॅकअप सकाळी नऊपर्यंत चालला. भाच्यानं जाऊन पाहिलं, मग सीसीटीव्हीवाल्याला फोन लावला.

"अहो, ती लाइन बॅकअपसाठी ठेवली होती."

"साहेब, मी दोन तास तिच्यासमोर उभा होतो," तो म्हणाला. "एक गाडी गेली नाही."

शेठ शेजारीच होते. त्यांनी सर्व्हरच्या मागे टॉर्च मारली, थोडा वेळ भोकं मोजली आणि म्हणाले, "अजून दोन रिकामी आहेत रे. पण यावेळी कॅमेऱ्यावाल्याला सांगू नकोस."